गोठ्यांतील कोंदट हवा आणि गुरांचा क्षय

घटसर्प, फऱ्या, लाळखुरकूत ह्यांचें नांव काढलें कीं शेतकरी दचकतो, आणि दचकावें हें योग्यच आहे. हे रोग दरोडेखोरासारखे येतात व दोन-चार दिवसांत दावण मोकळी करून जातात. म्हणूनच त्यांची लस टोंचून घेण्याविषयीं आतां कोणास फारसें समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु ज्या रोगाविषयीं आज आम्ही लिहीत आहों त्याची चाल निराळी आहे. तो वर्षानुवर्षें गोठ्यांत राहतो, धन्याच्या डोळ्यांदेखत जनावराचें फुप्फुस पोखरतो, आणि तरीहि जनावर चारा खातें, दूध देतें, व बाजारांत चांगल्या किंमतीस विकलेंहि जातें. हा रोग म्हणजे गुरांचा क्षय होय. त्याविषयीं आमच्या शेतकरीवर्गांत जी बेफिकिरी आहे ती अज्ञानाची कमी व सोयीची अधिक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे; आणि तें कां, हें पुढील मजकुरावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

प्रथम हा रोग जनावराच्या छातींत काय करतो तें नीट समजून घेतलें पाहिजे. रोगी गाय खोकते, शिंकते, किंवा नुसती जोरानें श्वास सोडते, त्या वेळीं तिच्या नाकातोंडांतून असंख्य सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब लागलींच जमिनीवर पडतात. परंतु जे अति बारीक असतात, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले असतां त्यांतील एक ते पांच भागांइतक्या जाडीचे, ते खालीं न बसतां कोंदट हवेंत तासन्‌तास तरंगत राहतात. नाकांतील केंस आणि श्वासनलिकेचें चिकट अस्तर हे निसर्गानें ठेवलेले पहारेकरी होत. मोठे कण त्यांच्याकडून अडविले जातात व खोकल्यानें किंवा गिळण्यानें निकालांत निघतात. बारीक थेंब मात्र ह्या चौक्या चुकवून थेट फुप्फुसाच्या शेवटच्या टोंकास, वायुकोशांत, जाऊन पोंचतात. वायुकोशाची भिंत अत्यंत पातळ असते, व तशीच ती असली पाहिजे. नाहीं तर हवेंतील प्राणवायु तिच्यांतून रक्तांत उतरणार कसा? तेथें पहारा असतो तो फक्त भक्षक पेशींचा. आलेला जंतु गिळावा व आंतल्या आंत पचवून टाकावा, हें त्यांचें काम.

इतर बहुतेक जंतु असे पचून जातात. क्षयजंतूचें तसें नाहीं. त्याच्या अंगावर मेणासारखें कवच असतें, आणि ज्या पिशवींत पेशीनें त्याला कोंडलें त्या पिशवींत पाचक रस येऊंच नये अशी व्यवस्था तो करतो. मग ज्या तुरुंगांत त्याला घातलें तेथेंच तो बिऱ्हाड करून वंश वाढवूं लागतो. पेशी फुटते, जंतु बाहेर पडतात, त्यांना गिळण्यास नव्या पेशी धांवतात व त्यांचीहि तीच गत होते. अशा रीतीनें जिवंत व मृत पेशींचा ढीग सांचून एक गांठ तयार होते. शरीर तिच्याभोंवतीं तंतूंचें कुंपण घालतें. कुंपणाच्या आंत रक्त पोंचत नाहीं, म्हणून मधला भाग मरून पिवळट व भुसभुशीत होतो, आणि कालांतरानें त्यांत चुना सांठतो. मेलेल्या जनावराची चिरफाड करतांना अशी गांठ कापली तर सुरी वाळूवरून जावी तशी करकरते. छातीच्या आंतल्या पडद्यावर अशा गांठींचे घोसचे घोस लटकलेले आढळतात. जर्मन लोक जुन्या काळीं ह्यालाच मोत्यांचा रोग म्हणत.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. फुप्फुसाचा नाश कांहीं जंतु जहाल विष ओकतो म्हणून होतो असें नाहीं. तो मुख्यतः होतो तो शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारानें. शत्रूस कोंडण्यासाठीं शरीर आपलेंच घर पाडीत जातें. जितकी गांठ मोठी तितके वायुकोश कायमचे गेले, कारण तेथें मागाहून नुसता व्रणाचा तंतु भरून येतो, आणि तंतूनें श्वास घेतां येत नाहीं. पुढें एकादी गांठ वाढत वाढत श्वासनलिकेस भिडते व तिच्यांत फुटते. गांठींतील जंतूंनीं भरलेला मगज नलिकेंत येतो, जनावर खोकतें, आणि पुन्हा तेच सूक्ष्म थेंब हवेंत जातात. जनावराच्या फुप्फुसांत शिल्लक पुष्कळ असते. गोठ्यांत उभ्या असलेल्या गाईस सगळ्या फुप्फुसाची गरज लागत नाहीं, म्हणून बराच भाग निकामी होईपर्यंत धन्यास कांहींच दिसत नाहीं. बैल असेल तर नांगरास जुंपल्यावर दोन तासांतच धापा टाकतो व लोक म्हणतात, बैल आळशी निघाला.

दिसणारीं चिन्हें अगदीं उशिरां येतात: सकाळीं पाणी पितांना किंवा चालवितांना येणारा कोरडा ठसका, चारा असून अंग न धरणें, दुधाची हळूहळू घट. आणखी एक चिन्ह असें कीं कांहीं जनावरांचें पोट वारंवार फुगतें. शेतकरी चाऱ्यास दोष देतो, तेल पाजतो. परंतु कित्येकदां दोन फुप्फुसांच्या मधील रसग्रंथी क्षयानें सुजून अन्ननलिकेवर दाब देत असतात, आणि त्यामुळें पोटांतील वायु वर येऊं शकत नाहीं. पोटाचा रोग म्हणून जो दिसतो तो छातीचा असतो.

ह्या जंतूचा शोध लागूनहि आतां दीड शतक होत आलें. क्षय एका शरीरांतून दुसऱ्या शरीरांत जातो हें फ्रान्समध्यें व्हिलमँ ह्यानें १८६५ मध्यें सशांवर प्रयोग करून दाखविलें, आणि २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख ह्यानें जंतुच दाखविला. हाच कॉख १८९७ मध्यें आमच्या देशांत आला होता व हिमालयांतील मुक्तेश्वरच्या पशुरोग-प्रयोगशाळेसहि त्यानें भेट दिली होती. ही प्रयोगशाळा मूळची १८८९ मध्यें पुण्यांत स्थापन झालेली, व १८९३ मध्यें मुक्तेश्वरास हलविलेली, हें आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. परंतु एवढा मोठा शास्त्रज्ञ १९०१ मध्यें लंडनच्या परिषदेंत असें सांगून बसला कीं गुरांच्या क्षयापासून माणसास भय जवळजवळ नाहीं. ब्रिटिश सरकारनें त्यावर चौकशी नेमली. ती १९११ पर्यंत चालली, व गुरांचा क्षय माणसास, विशेषतः मुलांस, होतो असा निर्णय तिनें दिला. मोठ्या माणसाचें मत सोयीचें असलें कीं लोक त्याला किती दिवस चिकटून राहतात ह्याचें हें उदाहरण होय.

आमच्या देशांत ह्या रोगाचा प्रसार किती? २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत देशभरच्या जुन्या-नव्या तपासण्या एकत्र करून असा अंदाज काढला आहे कीं शेंकडा सुमारें ७.३ जनावरांस ह्या रोगाचा संसर्ग असावा. म्हणजे दोन कोटींहून अधिक. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. मोजणी करावयाची तर प्रत्येक गोठ्यांत परीक्षा झाली पाहिजे, आणि तीच तर आम्ही टाळीत आलों आहों.

परीक्षेची गोष्ट निघाली कीं एक उत्तर हमखास मिळतें: "आमची देशी गाय, तिला क्षय होत नाहीं." देशी गाईचा अभिमान आम्हांसहि आहे. परंतु अभिमान निराळा आणि फुप्फुस निराळें. इथिओपिया देशांत वशिंडाचीं देशी गुरें व होल्स्टिन गुरें ह्यांची तुलना करणारा जो अभ्यास २००७ मध्यें प्रसिद्ध झाला त्यांत होल्स्टिन गुरांत शेंकडा सुमारें २२, तर देशी गुरांत शेंकडा सुमारें १२ जनावरें परीक्षेंत दोषी ठरलीं. देशी गुरें अधिक काटक ठरलीं हें खरें. पण शेंकडा १२ म्हणजे शून्य नव्हे. त्याच देशांतील १ वर्ष आधींचा दुसरा अभ्यास आमच्या विषयास अधिक जवळचा आहे. त्यांत असें दिसून आलें कीं कोंडून ठेवलेल्या गुरांची फुप्फुसें कुरणांत चरणाऱ्या गुरांपेक्षां अधिक खराब झालेलीं होतीं. आमची देशी गाय निरोगी राहिली ह्याचें श्रेय तिच्या रक्तास किती व तिच्या मोकळ्या रानास किती, हा हिशेब अजून व्हावयाचा आहे. आज गायरानें उरलीं नाहींत, गाय दावणीस आली. मग तिच्या वाट्याची हवा कोठून येणार?

म्हणूनच आम्ही औषधाआधीं गोठ्याकडे वळतों. जुना गोठा कुडाचा होता; कूड गरिबीचा खरा, पण त्यांतून वारा खेळत असे. पैसा आल्यावर आम्हीं चोहोंकडून विटांच्या भिंती घातल्या, वर पत्रा टाकला, आणि एक दार ठेवलें. चोराचें भय आहे हें आम्ही नाकारीत नाहीं, व जुन्नर भागांतील शेतकऱ्यास बिबट्याचें भय काय असतें हें त्यालाच विचारावें. परंतु बिबट्या अडविण्यास हवा अडविली पाहिजे असें कोठें आहे? कमरेइतकी भिंत व वर छपरापर्यंत पक्की लोखंडी जाळी, ह्यानें दोन्ही कामें साधतात. पत्र्याच्या आढ्यास लांबीभर फट ठेवून तिच्यावर लहानशी टोपी बसविली कीं गुरांच्या श्वासानें तापलेली हवा आपोआप वर निघून जाते. थंडींत बारदानाचे पडदे सोडावयाचे असतील तर वाऱ्याच्या एकाच बाजूस सोडावे. चारी बाजूंस सोडून आंत धूर करणें म्हणजे फुप्फुसाच्या पहारेकऱ्यांस आपण होऊन आंधळें करणें होय; धुरानें श्वासनलिकेचें अस्तर बिघडतें, आणि मग जंतूस वाट अधिकच मोकळी होते.

दावणीची मांडणी हीहि क्षुल्लक बाब नव्हे. दोन रांगा असतील तर त्या तोंडासमोर तोंड अशा बांधण्याची चाल आहे, कारण मधल्या एकाच वाटेनें दोन्ही गव्हाणींत वैरण टाकतां येते. मजुरी वांचते हें खरें. परंतु एका गाईचा सोडलेला श्वास समोरची गाय घेते. शेपटीकडे शेपटी व तोंडें बाहेर अशी मांडणी ह्या दृष्टीनें फार चांगली. जागेचें मान गाईस ३.५ व म्हशीस ४ चौरस मीटर छप्पर, आणि त्याच्या दुप्पट मोकळें अंगण, असें ठरलेलें आहे. हल्लीं मुक्त गोठ्याची पद्धत पसरत आहे तिचें आम्ही स्वागत करतों, मग ती लोकांनीं मजुरी वांचविण्यासाठीं घेतलेली असो. क्षयजंतु उन्हांत लवकर मरतो. ओल्या अंधाऱ्या कोंपऱ्यांत, शेणामातींत, महिनेच्या महिने जिवंत राहतो. श्वासावाटें आंत गेलेले थोडे जंतुहि पुरतात, तर चाऱ्यापाण्यावाटें रोग होण्यास त्याच्या अनेकपट लागतात. तेव्हां गव्हाण धुण्यापेक्षांहि हवा बदलणें हें पहिलें काम आहे. गव्हाण धुवूं नये असा ह्याचा अर्थ कोणी करूं नये.

आतां परीक्षेविषयीं. मानेच्या कातडींत ट्युबर्क्युलीन नांवाचें द्रव्य थोडेंसें टोंचून ७२ तासांनीं त्या जागेची जाडी मापतात. जाडी ४ मिलिमीटर किंवा अधिक वाढली तर जनावर दोषी धरावें. दुसऱ्या जातीच्या निरुपद्रवी जंतूंमुळेंहि सूज येऊं शकते. म्हणून पक्ष्यांच्या क्षयाचें ट्युबर्क्युलीन शेजारीं टोंचून दोहोंची तुलना करतात. ह्या परीक्षेंत दोन उणिवा आहेत त्या खरेदीदारानें पक्क्या ध्यानांत ठेवाव्या. फार वाढलेल्या रोगांत, तसेंच नुकत्याच व्यालेल्या गाईंत, कधीं कधीं सूज येतच नाहीं. आणि एकदां टोंचल्यानंतर निदान ४२ दिवस जाऊं दिल्याशिवाय दुसरी परीक्षा भरंवशाची होत नाहीं. विकणाऱ्यानें आधींच्या आठवड्यांत गुपचूप टोंचून घेतलें असेल तर रोगी गाय आमच्या परीक्षेंत निर्दोष ठरेल. आणि ही युक्ति हेड्यांस कळणार नाहीं असें मानणें भाबडेपणाचें होईल. म्हणून विकत आणलेली गाय दोन महिने वेगळी बांधावी, नंतर स्वतः परीक्षा करवावी, व तोंपर्यंत किंमतीचा कांहीं भाग राखून ठेवावा.

आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें, म्हणून ह्या गोष्टीचें आम्हांस विशेष नवल वाटतें. दहा गुंठे जमीन घ्यावयाची झाली तरी शेतकरी सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, बोजा आहे कीं काय तें विचारतो. आणि तोच मनुष्य लाख रुपयांची गाय दोन दांत, कांस व चाल पाहून रुमालाखालीं बोटें दाबून घेऊन येतो. तिच्या फुप्फुसावर काय बोजा आहे हें कोणी विचारीत नाहीं. जनावरांच्या कानांत १२ अंकी बिल्ला आतां येऊं लागला आहे. त्या अंकापुढें क्षयपरीक्षेची तारीख व निकाल नोंदविला जावा, आणि नोंदीशिवाय संस्थेच्या सभासदानें दुभतें जनावर खरेदी करूं नये, असा ठराव आमच्या संस्थेनें करावा अशी आमची सूचना आहे. सांसर्गिक रोगांविषयींच्या २००९ च्या कायद्यांत गुरांचा क्षय आहेच, व रोगाचा संशय येतांच गांवच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस वर्दी देणें हें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. अशी वर्दी आमच्या गांवांतून किती जात असेल, ह्याचा वाचकांनींच विचार करावा.

वर्दी कां जात नाहीं? कारण पुढें काय, हा प्रश्न सुटलेला नाहीं, आणि येथेंच ह्या विषयाचें खरें मर्म आहे. अमेरिकेनें १९१७ मध्यें दोषी जनावरें मारून मालकास भरपाई देण्याचा क्रम सुरू केला. त्या वेळीं तेथें शेंकडा सुमारें ५ जनावरें रोगी होतीं. ऑस्ट्रेलियानें १९७० पासून तोच मार्ग धरला व १९९७ मध्यें देश रोगमुक्त झाल्याचें जाहीर केलें. तो मार्ग आम्हांस मोकळा नाहीं. आमच्या राज्यांत गोवंशहत्या कायद्यानें बंद आहे, आणि कायदा नसता तरी पुष्कळ शेतकऱ्यांच्या हातून तें झालें नसतें. पण मग होतें काय? परीक्षेंत दोषी ठरलेली गाय पुढच्या बाजारीं नेऊन विकली जाते. गाय वांचते, तिच्याबरोबर दुसऱ्याच्या गोठ्यांतील दहा गाई जातात. ह्यास जर कोणी भूतदया म्हणत असेल तर आमचा त्यास नमस्कार.

मारणें शक्य नसेल तेथें काय करावें ह्याचें उत्तर शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं डेन्मार्कमध्यें बांग नांवाच्या पशुवैद्यानें दिलेलें आहे. त्यानें कळपाचे परीक्षेनें दोन भाग केले, मध्यें भिंत घातली, दोहोंचीं भांडीं व माणसें वेगळीं ठेवलीं. दोषी गाईंचीं वासरें बहुधा निरोगीच जन्मतात. त्यांस जन्मतांच आईपासून दूर करून निरोगी भागांत वाढविलें, व तापविलेलें दूध पाजलें. कांहीं वर्षांत निरोगी भाग वाढत गेला व रोगी भाग आपोआप आटत गेला. आमच्या परिस्थितीस ह्याहून योग्य रीत आम्हांस दिसत नाहीं. एक अडचण चिकाची आहे. चीक उकळला कीं त्याचा खरवस होतो, व तो वासराच्या उपयोगाचा नव्हे. म्हणून निरोगी गाईचा चीक मिळवून पाजावा, व शक्य तेथें संस्थेनें तो थंड पेटींत सांठवून ठेवावा. वासरूं डोळ्यांआड केलें कीं पान्हा सोडत नाहीं अशा गाई आहेत, हें आम्ही जाणतों. तें नुकसान सोसावें लागेल.

कोणी म्हणतील, माणसाच्या क्षयावर औषध आहे तें गाईस कां देऊं नये? कारण तें अनेक महिने अनेक औषधें एकदम देऊन चालवावें लागतें, खर्च गाईच्या किंमतीबाहेर जातो, औषध दुधांत उतरतें, आणि अर्धवट उपचारानें औषधास न जुमानणारे जंतु तयार होतात. शिवाय गुरांच्या क्षयाचा जो बोव्हिस नांवाचा जंतु त्यावर माणसाच्या उपचारांतील पायराझिनामाइड हें एक मुख्य औषध मुळींच चालत नाहीं. डॉक्टरास रोग्याच्या घरीं गोठा आहे हें सांगणें म्हणून अगत्याचें आहे. वेल्लोर येथें रोग्यांच्या जंतूंची तपासणी होऊन २०२० मध्यें जें प्रसिद्ध झालें त्यांत ओरायजिस नांवाचा, गुरांतहि आढळणारा, दुसराच भाऊबंद कांहीं माणसांत सांपडला. म्हणजे आमच्या देशांत गुरांचा क्षय एकाच जंतूचा आहे असेंहि धरून चालतां येत नाहीं. उलट बाजूनें, ज्या गड्यास क्षय आहे त्याच्यापासून गुरांसहि बाधा होऊं शकते. अशा गड्याचें काम न काढतां त्याचा उपचार पुरा होईपर्यंत त्यास शेतावरचें काम द्यावें. दूध उकळल्याशिवाय पिऊं नये हें सर्वांस पाठ आहे, पण धारोष्ण दुधाचें माहात्म्य अजून घराघरांत आहे, आणि तें पहिलें लहान मुलांच्याच वाट्यास येतें.

राहतां राहिला खर्चाचा प्रश्न. वेगळा गोठा प्रत्येक लहान शेतकऱ्यास परवडणार नाहीं, हें उघड आहे. आमची सूचना अशी आहे कीं दर लिटरमागें अल्पशी रक्कम कापून संस्थेनें एक फंड करावा; दोषी ठरलेल्या गाई सभासदांकडून ठरीव किंमतीस घेऊन गांवाबाहेरच्या एका मोकळ्या, उंच आवारांत ठेवाव्या; त्यांचें दूध उकळूनच उपयोगांत आणावें, व त्यांचीं वासरें वरील रीतीनें वाढवून पुन्हा सभासदांस द्यावीं. सरकारनें ह्यास अर्धी मदत करावी अशी मागणी संस्थेनें अवश्य करावी, परंतु मदत येईपर्यंत थांबूं नये. आज अशीं जनावरें पांजरपोळांत पाठविलीं जातात. तेथें धर्मबुद्धीनें आलेलीं निरोगी भाकड गुरेंहि त्यांच्याच शेजारीं, एकाच छपराखालीं, दाटीवाटीनें बांधलेलीं असतात. तेव्हां पांजरपोळांच्या व्यवस्थापकांशीं पत्रव्यवहार करून तेथील गुरांची परीक्षा व विभागणी व्हावी, हें काम संस्थेच्या चिटणिसांनीं ह्याच हिंवाळ्यांत हातीं घ्यावें.